मार्सश्लोक, माल्टा: बंदरावरच्या जुन्या घरात सात रात्री

दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आलो, तेव्हापासून कोल्हापुरात जो भेटेल तो एकच विचारतोय, हॉटेल सोडून घर कशाला घेतलं, किती पडलं, आईला घेऊन जमलं का. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितो.

आम्ही सहा जण होतो. मी, बायको, दोन पोरं, आई आणि आत्या. आईचं वय 71, गुडघे दुखतात, आणि हॉटेलचं खाणं दोन दिवसांच्या वर तिला चालत नाही, त्यामुळं किचन असलेलं घरच पाहिजे हे पहिल्यापासून ठरलेलं. माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातला छोटा बेटांचा देश, तिथं मार्सश्लोक म्हणून मासेमारीचं गाव आहे, एअरपोर्टपासून गाडीनं पंधरा-वीस मिनिटं, तिथं धक्क्याच्या मागच्या गल्लीत तीन बेडरूमचं जुनं घर मिळालं. जाहिरातीत व्हिला म्हटलंय पण बंगला आणि बाग असं काही डोळ्यासमोर आणू नका, दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, दार थेट गल्लीत, आणि आत शिरलं की चौक. म्हणजे आपला पेठेतला वाडाच की. रात्रीला 210 युरो, सात रात्रीचे 1470, वर साफसफाईचे 90. माणशी 260 युरो झाले, युरो शंभर रुपये धरला तर सव्वीस हजार. हॉटेलात तीन खोल्या घेतल्या असत्या तर यापेक्षा जास्तच गेले असते आणि वर बाहेरचं जेवण वेगळं.

घर एकोणिसाव्या शतकातलं आहे असं जाहिरातीत लिहिलंय आणि ते घर बघून पटतं. सगळं पिवळसर चुनखडीच्या दगडाचं, तिथले लोक त्याला फ्रांका म्हणतात, पूर्ण बेट त्याच दगडानं बांधलंय. आपला काळा पाषाण कसा, छिन्नी मारली तर हात झिणझिणतो, अंबाबाईचं देऊळ बघा किती शतकं तसंच उभं आहे. हा दगड उलटा, मऊ, खाऱ्या वाऱ्यानं त्याला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडतात, गल्लीतल्या भिंतीवर हात फिरवला की पीठ हाताला लागतं. पण आतनं काय थंडगार! छताला लांब दगडी फरशा, त्या कमानींवर टेकलेल्या, खाली नक्षीच्या टाइल्स, आणि गल्लीकडं हिरव्या रंगाचा लाकडी बंद सज्जा, त्याला गालारिया म्हणतात. आत्या रोज सकाळी चहा घेऊन तिथंच बसायची, गल्लीतली सगळी माणसं तिला दोन दिवसांत ओळखीची झाली.

चौकात एक विहीर आहे. वर दगडी कठडा, लोखंडी झाकण, कुलूप. केअरटेकर बाई साठीच्या असतील, इंग्लिश चांगलं बोलतात, तिथं माल्टीजबरोबर इंग्लिशही सरकारी भाषा आहे त्यामुळं आपली अडचण होत नाही. आईनं खुणेनंच विचारलं आत काय आहे, तर त्यांनी कुलूप काढून दाखवलं. गच्चीवरचं पावसाचं पाणी भिंतीतल्या नळातनं खाली या विहिरीत येतं, माल्टात बारमाही नदी एकपण नाही, पूर्वीपासून गावंच्या गावं अशा साठवलेल्या पाण्यावर जगली. आता पिण्याचं बरंचसं पाणी समुद्राचं गोडं करून येतं. आमच्याकडं 2019 ला पंचगंगा गल्लीत आली होती, पोरांना तेवढंच पाणी माहीत, त्यांना पाणी नसलेला देश ही गोष्टच नवीन होती. आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात पण चौकात आड होता, अपार्टमेंट करताना बुजवला. आई त्या कठड्याला धरून किती वेळ आत वाकून बघत उभी होती, मी हाक मारली नाही. नंतर जेवताना म्हणाली, "आपला पण बुजवायला नको होता रे." ते घर पाडायची सही माझी होती. एवढंच लिहितो त्याबद्दल.

आता बंदर. तिथल्या होड्यांना लुत्झू म्हणतात, निळा, पिवळा, लाल, हिरवा असे पट्टे, आणि पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना कोरलेले डोळे. समुद्रात होडीवर नजर ठेवायला. ही चाल फिनिशियन, म्हणजे भूमध्य समुद्रातल्या प्राचीन दर्यावर्दी लोकांपासूनची आहे असं मानतात. आई म्हणाली आपण ट्रकला लिंबू-मिरची बांधतो तसंच हे. ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत लाम्पुकी माशाचा सीझन असतो आणि त्याची पकडायची पद्धत मला फार आवडली, पाण्यावर तरंगते तराफे सोडायचे, त्याला खजुरीसारख्या झाडाच्या झावळ्या बांधायच्या, मासे सावलीला खाली जमतात, मग जाळं टाकायचं. आम्ही सीझनमध्येच गेलो हे नशीब. मासा मोठा, कपाळ उभं, अंगावर सोनेरी-हिरवी झाक, मांस घट्ट आणि काटे कमी.

रविवारी धक्क्यावर मोठा बाजार भरतो, तेव्हा आत्या आणि मी सकाळी सातलाच खाली. आत्यानं कल्ले उचलून बघितले, पोटाला बोट लावून बघितलं, विकणारा म्हातारा हसायला लागला आणि मागच्या खोक्यातला मासा काढून दिला. घरनं कांदा-लसूण चटणी, सुकं खोबरं, आमसुलं नेली होती. त्या दिवशी तिथल्या किचनमध्ये लाम्पुकीचा जो रस्सा झाला तो पोरांनी वाट्या लावून प्यायला, भात संपला तरी रस्सा पीत होती. किचन खरंच चांगलं आहे, चार शेगड्या, मोठी भांडी, धारदार सुऱ्या, ओव्हन. कुकर नाही, छोटा घेऊन जा. आणि फोडणी टाकायच्या आधी खिडकी उघडा आणि चिमणी फुल करा, पहिल्या दिवशी धुराचा अलार्म वाजला आणि केअरटेकर बाई धावत आल्या. त्यांना पण वाटीभर रस्सा दिला. दुसऱ्या दिवशी त्या लाम्पुकीचा पाय (इंग्लिशमधला pie) घेऊन आल्या, मैद्याच्या पारीत मासा आणि भाजी भरून भाजलेला, त्यात ऑलिव्ह आणि काय काय. आई कधी बाहेरचं असलं खात नाही, दोन तुकडे खाल्ले.

आता तक्रारी, कारण त्या पण खऱ्या आहेत. जाहिरातीत "सगळ्या खोल्यांतून समुद्र" लिहिलं होतं, समुद्र फक्त गच्चीवरनं दिसतो. आणि गच्चीवर जायला दगडाचा गोल जिना, अरुंद, उंच पायऱ्या, कठडा नाही, आई सात दिवसांत एकदाच वर गेली, ते पण मी मागनं आणि बायको पुढनं धरून. वरनं होड्या आणि चर्च छान दिसतं पण खाडीच्या पलीकडं कंटेनर बंदराच्या मोठ्या क्रेन दिसतात आणि इकडं डेलिमाराच्या वीज केंद्राला लागून गॅसचं भलंमोठं जहाज कायम उभं, फोटोत ते कुणी दाखवत नाही. मला स्वतःला त्याचं वाईट वाटलं नाही, चालतं बंदर आहे, पण पोस्टकार्डासारखं चित्र मनात घेऊन जाणाऱ्यांनी आधीच समजून घ्या. खालच्या बेडरूमला ओल आहे, कपाटातले कपडे दमट लागायचे. एसीचं बिल मीटरप्रमाणं वेगळं घेतात, ते बुकिंगच्या पानावर अगदी खाली बारीक लिहिलंय. आणि ज्या एजन्सीतनं बुकिंग केलं त्यांनी 300 युरो डिपॉझिट सात दिवसांत देतो म्हणून एकोणीस दिवस लावले, चार मेल करावे लागले. घराचा मालक किंवा त्या बाई यांचा त्यात काही दोष नाही, त्या खूप चांगल्या.

रविवारी बाजारामुळं पहाटेपासून गाड्यांचे आवाज, दुपारी टुरिस्ट बसेस, घरासमोर गाडी लावायला जागा नाही. बाकी सहा दिवस संध्याकाळी सातनंतर गाव एवढं शांत की जाळी दुरुस्त करणाऱ्यांचं बोलणं गच्चीपर्यंत यायचं. याच खाडीत 1565 ला माल्टा जिंकायला आलेलं तुर्कांचं आरमार नांगरलं होतं, आणि डिसेंबर 1989 ला अमेरिकेचे अध्यक्ष बुश आणि सोव्हिएत रशियाचे गोर्बाचेव्ह यांची भेट इथंच जहाजावर झाली, तेव्हा समुद्र एवढा खवळला होता की काही बैठका रद्द कराव्या लागल्या. थोरल्या पोराला हे आधी सांगितलं होतं, तो रोज संध्याकाळी जहाज कुठं उभं असेल त्याचा अंदाज लावत बसायचा. पोहायला सेंट पीटर्स पूल म्हणून खडकातली जागा आहे, धक्क्यावरनं होडी पण नेते, पण पाणी खोल आहे, लहान पोरांना एकटं सोडू नका.

जाणाऱ्यांसाठी थोडं. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो, फी 90 युरो, प्रवास विमा किमान 30,000 युरोचा, आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं, म्हणून घर कॅन्सल करता येईल असंच घ्या आणि त्याला माल्टा टुरिझम अथॉरिटीचं लायसन्स आहे का विचारा. तूप, दूध, मटण असलं काही बॅगेत नेऊ नका, युरोपात बाहेरनं आणायला बंदी आहे. सॉकेट ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचं, अडॅप्टर लागतो. गाडी आपल्यासारखी डावीकडनंच चालते. पाण्याच्या बाटल्या टाकू नका, दुकानाबाहेरच्या मशिनमध्ये टाकल्या की बाटलीला 10 सेंट परत, आमच्या पोरांनी आठवड्यात त्यातनंच आइस्क्रीमचे पैसे काढले. माशाचे काटे पांढऱ्या पिशवीत, ओल्या कचऱ्यात, ते कुठल्या वारी बाहेर ठेवायचं त्याचा कागद फ्रिजवर लावलेला आहे.

पाचपैकी चार देतो, एक त्या जिन्यासाठी आणि डिपॉझिटसाठी कापला. घरात म्हातारं माणूस असेल तर बुकिंगच्या आधी मालकाला दोन गोष्टी लेखी विचारा, खाली बेडरूम आणि बाथरूम दोन्ही आहे का, आणि दारापासून चौकापर्यंत पायऱ्या किती. आमच्या घराला तीन होत्या, आई म्हणाली जुन्या घराला पण तीनच होत्या.