थंडीतला एक दिवस, एकटीचा: कोल्हापूर की छत्रपती संभाजीनगर?

पाठीवर एक सॅक, सोबत कुणी नाही, थोडं बघायचं आणि थोडी खरेदी. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं दोन्ही गावं गाठता येतात. फरक पहिल्या तासातच कळतो: कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेस उजाडल्यावर पोचवते, तर देवगिरी संभाजीनगरला भल्या पहाटे, अंधारातच उतरवते. मराठवाड्यातल्या थंडीत एकटीनं स्टेशनवर उजाडायची वाट बघणं मला तरी आवडत नाही.

पण निवड मी करते ती मावळतीच्या उन्हावरून. वेरूळचं कैलास लेणं पश्चिमाभिमुख, अंबाबाईचं देऊळही पश्चिमाभिमुख. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. तेव्हा आपण कुठे असणार, यावर बाकीचा दिवस ठरतो.

संभाजीनगरला सकाळ शहरात काढावी. पाणचक्की, मग बीबी का मकबरा. ताजची गरीब नक्कल म्हणून त्याला हिणवतात, आणि संगमरवर खालच्या पट्ट्यात अन् घुमटाला, मधे चुन्याचा गिलावा, हे खरंच आहे. तरी हिवाळ्याच्या उन्हात तिथे निवांत बसता येतं. दुपारी मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीनं वेरूळ, सुमारे 30 किलोमीटर. टॅक्सी केली तर सगळं भाडं एकटीच्या माथी. दुपार कलल्यावर कैलासावर ऊन येतं आणि एकच डोंगर वरून खाली कोरत आणलाय हे डोळ्यांना पटतं. लेणी सूर्यास्ताला बंद होतात. म्हणजे शहरात परतेपर्यंत रात्र, आणि गुलमंडीतली खरेदी घाईची.

इथे नेमकी घाई परवडत नाही. हिमरू शाल (इथली रेशीम-सुताच्या विणीची) घेताना उलटून मागचे मोकळे धागे बघायचे. पैठणी असेल तर पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतोय का, ते. थकलेल्या डोळ्यांनी, ट्यूबलाइटखाली, ‘हा रंग मला जातोय का?’ असं विचारायला कुणी नसताना पैठणीएवढी रक्कम मी मोजणार नाही. त्यापेक्षा शाल घ्यावी आणि नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) खाऊन झोपावं.

कोल्हापुरात बघणं आणि घेणं एकाच पायवाटेवर आहे. सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेलं धारोष्ण दूध, मग मिसळ. काळ्या दगडातला नवा राजवाडा (1884) तेवढा रिक्षानं. तिथून भवानी मंडपात उतरलं की देऊळ, चप्पल लाइन, गुजरी हा सराफ बाजार, सगळं चालत. दुपारी तांबडा-पांढऱ्याचं एकच ताट मागवलं तरी दोन्ही रस्से येतात, एकटीची पंचाईत होत नाही.

चप्पल हिवाळ्यातच घ्यावी, कारण पाणी हा तिच्या कातड्याचा शत्रू. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी मशीनचा माल शेजारीच टांगलेला असतो. शिलाई चामड्याच्या वादीची आहे का ते बघा, खिळे दिसले तर पुढचं दुकान. पायाला थोडी घट्टच घ्या, वापरून सैल होते. आणखी एक हिवाळी लाभ: गुऱ्हाळं सुरू असतात. मोठी ढेप उचलायचा मोह आवरा, ओझं वाहणारी तुम्ही एकटीच आहात. किलोभर गूळ आणि काकवीची बाटली पुरे. मावळतीला रंकाळा तलाव.

पहिल्यांदाच जाणारीनं खरेदी विसरून वेरूळ बघावं, कैलासासमोर कोल्हापुरातलं काहीही फिकं आहे. पण ‘बघणं आणि घेणं’ दोन्ही हवं असेल, तर मी कोल्हापूर म्हणेन.

अपवाद एकच. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेरीस किरणोत्सव असतो: मावळतीची किरणं महाद्वारातून थेट देवीपर्यंत पोचतात, अर्थात ढग किंवा धुकं आडवं आलं नाही तर. त्या गर्दीत सॅक, चपलांचा खोका आणि गूळ सांभाळत उभं राहायची तयारी नसेल, तर त्या आठवड्यात वेरूळ गाठा. फक्त मंगळवार सोडून, त्या दिवशी लेणी बंद असतात.