चर्चच्या गच्चीवर 114 मिलिमीटरची दुर्बीण: घ्यावी की नाही?

आधी कामाचं. आरशाची दुर्बीण, आरसा 114 मिलिमीटरचा, फोकल लेंग्थ 900 मिलिमीटर. सोबत 25, 10 आणि 4 मिलिमीटरचे तीन आयपीस (डोळा लावायची भिंगं), तीनपट बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) आणि ॲल्युमिनियमचा तिपाई स्टँड. आमच्या चर्चच्या तरुणसंघासाठी ऑनलाइन मागवली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच मापाचा माल बाजारात वेगवेगळ्या नावांनी विकला जातो आणि गुणदोष जवळपास तेच.

आमचं चर्च बडोद्यात फतेहगंजच्या बाजूला. उपासना गुजरातीत, पण नगरकडून आलेली आमच्यासारखी चार घरं आहेत, त्यांची घरची प्रार्थना मराठीतच चालते. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, म्हणून शब्बाथशाळेतले (चर्चमधल्या बायबलच्या वर्गातले) अडचणीचे प्रश्न आपोआप माझ्याकडे सरकवले जातात. वर्गणीतून प्रोजेक्टर घ्यायचा चालला होता, मी पाळकसाहेबांकडे दुर्बिणीचा हट्ट धरला. त्यावर कमिटीतले एक काका म्हणाले, "ताई, बायबलच्या वर्गात दुर्बीण कशाला हवी?" हा रिव्ह्यू निम्मा खरेदी करणाऱ्यांसाठी आणि निम्मा त्या काकांसाठी आहे.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत 675 पट असं छापलंय. हिशोब खोटा नाही: 900 भागिले 4 म्हणजे 225, गुणिले बार्लोचे 3. पण आरसा 114 मिलिमीटरचा असेल तर सव्वादोनशे पटीच्या वर नुसतं धुकं मोठं होतं, नवीन काही दिसत नाही. 4 चा आयपीस आणि बार्लो खोक्यातच ठेवा. 25 चा लावला की 36 पट, 10 चा लावला की 90 पट, आणि खरी मजा या दोघांतच आहे. गॅलिलिओची चांगली दुर्बीण साधारण 20 पटीची होती, एवढं लक्षात ठेवलं तर 675 चा मोह सुटतो.

स्टँड मात्र रद्दी. फोकसच्या चाकाला बोट लावलं की गुरू आयपीसमध्ये थरथरायला लागतो आणि थांबेपर्यंत रांगेतली मुलं एकमेकांना ढकलायला लागतात. मधल्या ट्रेखाली वाळूची पिशवी टांगली, पाय पूर्ण लांब न करता वापरले, तेव्हा जरा जमलं. आरसे कारखान्यातून नीट जुळवून येत नाहीत, मागचे तीन स्क्रू फिरवून जुळवावे लागतात. बाहेर काढल्यावर अर्धा तास नुसती उघड्यावर ठेवा, आरसा थंड होऊ द्या. एक गोष्ट गंभीरपणे सांगते: अशा दुर्बिणींसोबत कधी कधी आयपीसला लावायचा काळा 'सन फिल्टर' येतो. तो फेकून द्या. उन्हाने तापून तडकला तर डोळा गेलाच. सूर्य बघायचाच असेल तर नळीच्या तोंडावर बसणारा योग्य फिल्टर लागतो.

आता मुद्द्याचं. 2026 च्या 10 जानेवारीला गुरू प्रतियुतीत होता (आपल्या एका बाजूला सूर्य, बरोब्बर उलट बाजूला गुरू), म्हणजे ऐन उत्तरायणात, पतंगांच्या दिवसांत, रात्रभर आकाशात. मुलं एरवीही गच्चीवरच असतात, त्यांना वेगळं बोलवावं लागलं नाही. (तुक्कल, म्हणजे पतंगाच्या दोरीला बांधलेला पेटता कंदील, गुरू समजून तिच्यावर दुर्बीण रोखणारेही निघाले, चालायचंच.) 36 पटीत गुरू आणि एका रेषेत त्याचे चार चंद्र स्वच्छ दिसतात. प्रत्येकाला वहीत ठिपके काढायला लावले आणि दोन तासांनी पुन्हा. त्यांतला आयो 42 तासांत फेरी पुरी करतो, त्यामुळे एवढ्या वेळातही त्याचा ठिपका सरकलेला कळतो. 1610 च्या जानेवारीत गॅलिलिओने हेच केलं होतं, वहीत ठिपके.

पुढची गोष्ट मुलांना माहीत असते, अर्धवट. चर्चने त्याला छळलं, संपलं. छळलं हे खरंच, आणि ते आपल्या मुलांपासून लपवू नये. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं तो म्हणत होता; बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात सूर्य थांबला असं लिहिलंय, म्हणजे सूर्य फिरतो, असा युक्तिवाद होता. 1633 साली सत्तरीला टेकलेल्या माणसाला गुडघ्यावर बसवून मत मागे घ्यायला लावलं आणि 1642 मध्ये मरेपर्यंत नजरकैदेत ठेवलं. पोपने ती चूक जाहीरपणे मान्य केली 1992 मध्ये. पण मधलं एक पान सहसा कुणी सांगत नाही. 1611 मध्ये रोममधल्या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) गणितज्ञांनी स्वतः दुर्बिणीतून बघून गॅलिलिओने काढलेले ते ठिपके खरोखर आहेत असं चर्चला कळवलं होतं. त्यांचा म्होरक्या क्लावियस. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरची 1582 ची दुरुस्ती ज्याच्या गणितावर उभी आहे, तोच. पृथ्वी स्थिर आहे हे मत म्हाताऱ्या क्लावियसने शेवटपर्यंत सोडलं नाही. पण डोळ्यांना दिसलेलं त्याने नाकारलं नाही.

म्हणून या दुर्बिणीतलं माझं सगळ्यात आवडतं दृश्य चंद्रावरचं आहे. शुद्ध नवमी-दशमीला 90 पटीत चंद्राच्या दक्षिणेकडे बघा. एक प्रचंड विवर दिसेल, व्यास साधारण 230 किलोमीटर. अहमदाबाद ते सुरत सरळ रेषेत त्यात मावेल. त्याच्या तळावर लहान लहान विवरांची एक कमान आहे, एका टोकाकडून दुसऱ्याकडे आकार उतरत जाणारी. कडेवर ऊन आणि आत काळी सावली, असं असताना पोरं आयपीस सोडत नाहीत. त्याचं नाव क्लावियस. तिथून उत्तरेकडे सरकलं की कोपर्निकस नावाचं देखणं विवर लागतं. ही नावं रिच्चोली या जेझुइट पाद्र्याने 1651 च्या नकाशात घातली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ही कोपर्निकसची मांडणी त्याने नाकारली होती, तरी विवर दिलं ते असं ठळक. श्रद्धा आणि विज्ञानाचं भांडण शिकवायचं असेल तर तेही सरळ रेषेत शिकवता येत नाही, असं आहे.

अँड्रोमेडा दीर्घिका शहराच्या उजेडात नुसता फिकट डाग दिसते, त्यासाठी दुर्बीण घेऊ नका. पण तिने काम भलतंच केलं. तो प्रकाश साधारण 25 लाख वर्षांपूर्वी निघालाय म्हटल्यावर बारावीतला एकजण म्हणाला, "टीचर, मग जग सहा हजार वर्षांचं कसं?" सहा हजारांचा आकडा बायबलमध्ये कुठेही लिहिलेला नाही; आर्चबिशप अशरने सतराव्या शतकात वंशावळ्या जोडून इसवी सनपूर्व 4004 काढलं होतं. दुसरीने विचारलं, बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात सूर्य चौथ्या दिवशी, मग आधीचे तीन दिवस कसले? हाच प्रश्न ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने तिसऱ्या शतकात विचारला होता, डार्विनच्या सोळाशे वर्षं आधी. तो अध्याय घड्याळ लावून वाचायचा नाही हे सांगायला त्याला कुठल्या प्रयोगशाळेची गरज पडली नव्हती.

काकांनी मग तोडगा सुचवला: देवाने प्रकाश वाटेतच निर्माण केला असेल. मला हे पटत नाही आणि तसं मी त्यांना सांगितलंही. 1987 मध्ये एका ताऱ्याचा स्फोट दिसला, तो साधारण 1 लाख 68 हजार प्रकाशवर्षं दूर. काकांचं खरं मानलं तर तो तारा कधी नव्हताच, आणि देवाने न घडलेल्या स्फोटाचं चित्र आपल्याला दाखवलं. असा देव मी तरी उपासनेत भेटलेला नाही. त्याने जे केलंय ते आहे तसं बघणं, ही माझ्या लेखी भक्तीच आहे. सोयीसाठी त्याला खोटा पाडणं नव्हे.

उलट बाजूची घाईही मला नको. विश्व प्रसरण पावतंय ही मांडणी 1927 मध्ये करणारा जॉर्ज लेमेत्र बेल्जियमचा धर्मगुरू होता. 1951 मध्ये पोपने त्याच्या सिद्धांतात निर्मितीचा पुरावा असल्यासारखं भाषण केलं, ते लेमेत्रला रुचलं नाही. समीकरणं समीकरणांच्या जागी, मिस्सा (कॅथलिक उपासना) मिस्साच्या जागी, आणि माणूस एकच. आमच्या एका गायन मास्तरांना दुर्बिणीत "देवाचा पुरावा" दिसला म्हणे. छान वाटलं असेल त्यांना. पण उद्या त्या पुराव्याचं दुसरं स्पष्टीकरण सापडलं तर त्यांनी काय करायचं?

शनीबद्दल तक्रार करणारे रिव्ह्यू दिसतात, त्यात दुर्बिणीचा दोष नाही. 2025 च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्याला नेमकी धारेवरून दिसत होती, त्यामुळे सध्या बारीक दिसतात. वर्षागणिक उघडत जातील.

घरी एकट्याने बघायला पाचपैकी साडेतीन, गटासाठी तीन, कारण स्टँड. लहान मुलं असतील तर सोबत स्टूल ठेवा, आयपीस नळीच्या वरच्या टोकाला असतो. फक्त चित्रासारखं आकाश दाखवायचं असेल तर सयाजीबागेतलं तारांगण स्वस्त पडेल. स्टँडच्या जागी सुताराकडून प्लायवूडचा डॉब्सन पद्धतीचा बैठा स्टँड करून घ्यायचं ठरतंय, खर्चाला काकांनीच कमिटीत अनुमोदन दिलं. बडोद्यात कुणी असा करून घेतला असेल तर प्लाय किती मिलिमीटरचा वापरला ते कळवा.