वाय-फाय कॉलिंग: चिऱ्याच्या घरात दहा महिने वापरल्यानंतर

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, शास्त्री नदीच्या खोऱ्यात, अगदी डोंगराच्या पोटाशी. भिंती जांभ्याच्या, चांगल्या दीड हात जाडीच्या. टॉवर डोंगराच्या पलीकडे. ओटीवर कधीमधी रेंजची एक दांडी दिसायची, माजघरात तीही नाही. या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून फोनवर नीट बोलायचं म्हणजे सड्यावर, वरच्या मोकळ्या कातळावर जायचं, हेच माहीत होतं. दहा मिनिटांची चढण, आणि पावसात वर उभं राहिलं की वाऱ्याच्या आवाजात समोरच्याला काही ऐकू जात नसे.

माझा आमसुलं, कोकम आगळ आणि फणसपोळीचा घरगुती व्यवसाय आहे. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक पाकिटावरचा नंबर लावणार, त्याला 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकू येणार, आणि ते दुसरीकडून माल घेणार. पाकिटावर व्हॉट्सअ‍ॅपचंही छापून बघितलं, पण वयस्कर माणसं साधा नंबरच फिरवतात. बँक, कुरिअरवाला, सासूबाईंचे डॉक्टर यांचे फोनही साध्याच नंबरवर.

गेल्या मे महिन्यात गावच्या केबलवाल्याने फायबर आणलं. त्याच रात्री फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या पानावर 'वाय-फाय कॉलिंग' चालू केलं. वेगळं अ‍ॅप लागलं नाही, नंबर तोच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात फणस फोडत होते, हात चिकाने भरलेले, आणि माजघरातून सासूबाई हाका मारायला लागल्या, "अगो, तुझा फोन वाजतोय! घरात वाजतोय!" डोंबिवलीहून दोन किलो आमसुलांची ऑर्डर होती. ती बाई काय बोलली ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं.

ही सोय नवी नाही. आपल्याकडे एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीपासून सुरुवात केली, जिओने जानेवारी २०२० मध्ये, आणि व्हीआयने त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्र-गोवा आणि कोलकात्यापासून. म्हणजे आमच्या फोनमध्ये ती कितीतरी आधीपासून होती, घरात इंटरनेटच नव्हतं. आवाज टॉवरकडे न जाता राऊटरमधून कंपनीच्या यंत्रणेपर्यंत जातो, वाटेत कुणी ऐकू नये म्हणून कुलूपबंद होऊन. पलीकडच्या माणसाला साधाच फोन आल्यासारखं वाटतं, त्याच्याकडे वाय-फाय असायची गरज नाही. वेगळे पैसे पडत नाहीत, प्लॅनमधलेच कॉल. डेटाही किरकोळ जातो: पाच मिनिटांना पाच एमबीच्या आतबाहेर धरा.

आता त्रास. पहिले दोन महिने फोन सारखा ओटीवरच्या त्या एका दांडीला चिकटायचा. वाय-फाय पूर्ण असूनही कॉल टॉवरवरून लागायचा आणि तुटायचा. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये 'वाय-फायला प्राधान्य' असा पर्याय असतो, तो शोधून निवडा. माझ्या फोनमध्ये आहे, सासूबाईंच्या फोनमध्ये नाही. त्यांचा फोन घरात विमान मोडवर टाकते आणि मग फक्त वाय-फाय चालू करते. रेंज शोधायची धडपड थांबल्यामुळे त्यांची बॅटरीही जास्त टिकते. मात्र घराबाहेर पडताना विमान मोड काढायचा विसरला की माणूस बेपत्ता. गणपतीच्या आधी त्या देवरुखला तपासणीला गेल्या आणि दुपारपर्यंत त्यांचा फोन लागेना. तो अर्धा दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. आता दाराच्या चौकटीला कागद लावलाय.

त्याच फोनची आणखी एक अडचण आहे. माझ्या हँडसेटवर ओटीपी वाय-फायवरूनच येतात, त्यांच्यावर विमान मोडमध्ये येत नाहीत. गॅस सिलिंडरचा कोड त्यांच्या नंबरवर येतो, त्यासाठी अजून ओटीवर जाऊन उभं राहावं लागतं.

दुसरा त्रास जास्त चिवट निघाला. वाय-फाय चालू, वरच्या पट्टीत कॉलिंगचं चिन्ह दिसतंय, तरी बाहेरून येणारे फोन लागत नव्हते. मी लावला की लागायचा. सिमच्या कंपनीला चार वेळा फोन केला, चारही वेळा 'हँडसेट बंद करून चालू करा'. शेवटी केबलवाल्याच्या पोराने राऊटरच्या फायरवॉलची, म्हणजे नको ती ये-जा अडवणाऱ्या पहाऱ्याची, पातळी उतरवली आणि त्याचं सॉफ्टवेअर नवं केलं. त्यानंतर हे क्वचितच घडलंय. पाहुण्यांच्या किंवा ऑफिसच्या वाय-फायवर कॉलिंग अजिबात चालत नसेल तर तिथंही संशय राऊटरवर घ्या: या कॉलसाठी ५०० आणि ४५०० हे यूडीपी पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरच्या ये-जा करायच्या वाटा, मोकळे लागतात, ते पुष्कळ ठिकाणी बंद ठेवलेले असतात.

चिऱ्याच्या भिंतींसाठी एक सांगते. राऊटरचं वाय-फाय दोन पट्ट्यांत येतं: ५ गिगाहर्ट्झचं आमच्या एका भिंतीपलीकडे मरतं, २.४ चं स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. फोन २.४ वरच जोडून ठेवा.

पण खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. लाईट गेली की राऊटर गेला, आणि राऊटर गेला की फोन गेला. आमच्याकडे पावसात लाईट जाते ती तासातासांसाठी. दीड हजारांच्या आसपास राऊटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो, बारा व्होल्टचा. तो घेतला नसता तर आज मी या सोयीबद्दल चांगलं लिहिलं नसतं. जुलैत एका रात्री अडीच वाजता सासूबाईंना दम लागला. गावभर काळोख, बाहेर मुसळधार. राऊटरचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता. वरच्या वाडीतल्या रिक्षावाल्या भाऊंना पहिल्या झटक्यात फोन लागला आणि वीस मिनिटांत रिक्षा दारात. पूर्वी त्या रात्री मला त्यांना एकटं सोडून सड्यावर धावावं लागलं असतं.

त्याच महिन्यात झाडाची फांदी पडून फायबर तुटली तेव्हा एलओएसचा, म्हणजे फायबरचा सिग्नल गेल्याचा, लाल दिवा तीन दिवस बघत बसलो. त्यावर यूपीएस काही करू शकत नाही. म्हणून सड्यावरची वाट मी अजून साफ ठेवते.

एवढ्यात राहिलेलं दुखणं म्हणजे खळं. बोलत बोलत ओटीवरून खळ्यात उतरलं की वाय-फाय विरतं. जिथं फोर-जी चांगलं आहे तिथं चालू कॉल आपोआप टॉवरवर सरकतो, आमच्याकडे सरकायला टॉवरच नाही, तो तुटतो. आमसुलं वाळत घालायचं सगळं काम खळ्यात चालतं, आणि हंगामात फोनही तेव्हाच येतात. एप्रिलच्या आत पडवीच्या टोकाला दुसरा राऊटर बसवायचाय, केबल ओढून झालीये.