परंपरागत कृषी विकास योजना : ज्वारी-गव्हाच्या गटाला कितपत कामाची?

सेंद्रिय धान्य पिकवणाऱ्या शेतकरी गटाने केंद्र सरकारची ही सेंद्रिय शेतीची अनुदान योजना घ्यावी, पण पैशाचा हिशेब आधी मांडून. तीन वर्षांत हेक्टरी 31,500 रुपये. त्यातले 15,000 निविष्ठांसाठी (बियाणं, सेंद्रिय खतं वगैरे) थेट खात्यात, 9,000 प्रशिक्षणाला, 3,000 प्रमाणीकरणाला आणि 4,500 बाजारपेठ, पॅकिंग, ब्रँडिंगला. म्हणजे विक्रीसाठी एकरी वर्षाला जेमतेम 600 रुपये! भाजीला एकवेळ चालेल, पण धान्य वर्षभर सांभाळून विकायचं असतं, आणि खरा खर्च तिथेच.

सेंद्रिय धान्यात सेल्फॉसची, म्हणजे साठवणीतली कीड मारणारी विषारी गोळी चालत नाही. ज्वारीतला ओलावा 12 टक्क्यांच्या आत आला नसेल तर पावसाळ्यात सोंडे पोत्याचं पीठ करतात. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे; दबला तर अजून ऊन हवं. विक्रीच्या निधीतून सगळ्यात आधी हवाबंद पिशव्या घ्या, छापील लेबलं नंतर.

पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांची शेतं तपासून द्यायचं सेंद्रिय प्रमाणपत्र, कमी खर्चाचं आणि गटाच्या हातातलं, ही योजनेची जमेची बाजू. मात्र रासायनिककडून सेंद्रियकडे वळण्याच्या संक्रमणकाळात ‘पीजीएस ग्रीन’च मिळतं, त्या मालाला पूर्ण सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. निर्यात करायची तर एनपीओपीचं (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) प्रमाणपत्र लागतं.

सगळ्यात खटकतं ते हे की संशोधनाला यात रकानाच नाही. कमी नत्रावर तग धरणारं, तणाला दाबणारं वाण कोणतं, हे गटाने स्वतःच शोधायचं. मालदांडी ज्वारीसोबत दोन-तीन वाणांचे पट्टे पेरून उतारा आणि कडबा दोन्ही तोलून ठेवा.