महूचं एमएच, बाणगंगा की खासगी डॉक्टर?

घरातला माणूस फौजेत, पोलिसात, फायर ब्रिगेडमध्ये नाहीतर 108 च्या गाडीवर. रात्री दचकून उठतो, चारचौघांत बसत नाही, संध्याकाळ झाली की बाटली काढतो. इंदूरमध्ये अशा वेळी आपण पहिल्यांदा फी विचारतो. मी आधी विचारेन, नोंद कुठे होणार आणि औषध मध्येच तुटणार तर नाही ना?

नोकरीतल्या जवानासाठी नोंदीची भीती खरी आहे. महूचं मिलिटरी हॉस्पिटल, म्हणजे एमएच, शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, उपचार मोफत, आणि तिथल्या डॉक्टरांना फील्ड पोस्टिंग म्हणजे काय हे सांगत बसावं लागत नाही. पण फौजेच्या ‘शेप’ (SHAPE) या तंदुरुस्तीच्या वर्गवारीतलं पहिलंच अक्षर मनाचं. त्यातली श्रेणी खाली गेली की ‘लो मेडिकल’, म्हणजे तंदुरुस्तीत कमी असा शिक्का, मग पोस्टिंग आणि बढतीची धाकधूक. म्हणून काही जण सुट्टीत गुपचूप खासगी डॉक्टरकडे जातात. गुप्तता मिळते, शांतपणे बोलायला वेळही मिळतो. पुढे सुट्टी संपते. नैराश्यावरच्या किंवा आघातानंतरच्या त्रासावरच्या गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात, तोवर हा पठ्ठ्या सीमेवर, खिशात संपत आलेली स्ट्रिप, हातात रायफल, आणि युनिटला पत्ता नाही. हे मला लो मेडिकलपेक्षा कितीतरी भयंकर वाटतं. वर्गवारी पुन्हा तपासली जाते, वरही येते. तेव्हा नोकरीत असाल तर एमएचच.

पेन्शनवर आलेल्याला ती भीती उरत नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्यायचा. रांग आणि कागद यांचा वैताग आहे, पण लांबणाऱ्या उपचाराचा खर्च खिशातून जात नाही. पत्नीलाही त्यात उपचार मिळतात, आणि वर्षानुवर्षं हे सगळं झेलून तिलाही गरज असतेच.

108 चे कर्मचारी बहुधा ठेक्यावर, त्यांची कुचंबणा जास्त. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल, तर नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयात आधी चौकशी करावी. नाहीतर बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय. नाव काढलं की घरचे कावरेबावरे होतात, पण ते मेडिकल कॉलेजशी जोडलेलं आहे आणि खर्च नगण्य. पोलिसांनाही तेच सांगेन. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं सरकारी-खासगी दोघांनाही बंधनकारक आहे.

समुपदेशकाकडे जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, तो बोलून उपचार करतो, गोळ्या लिहून देत नाही. झोप पार उडाली असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ.

कुठेच जायला तयार नसेल तर 14416, टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. चोवीस तास, मोफत. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज) सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्षही प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. फोनवर वाट दाखवतात, पण त्याला उपचार समजू नका.

मरणाची भाषा सुरू झाली असेल तर ही सगळी तुलना बाजूला ठेवा. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या, एकटं सोडू नका. निवृत्तीनंतर बँकेत गार्ड असेल आणि लायसन्सची बंदूक घरी असेल, तर ती आजच घराबाहेर काढा. रीतसर जमा कशी करायची ते पोलीस ठाण्यात विचारा.