फ्रीबीएसडी १४ : आठ महिन्यांच्या अपग्रेड आणि बिल्डनंतरचा अनुभव

फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. हा अनुभव दोन यंत्रांवरचा आहे. एक चार कोरचा, १६ जीबी मेमरीचा डेस्कटॉप, रूट झेडएफएस या फाइलसिस्टीमवर. दुसरा २ जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर, जुन्या यूएफएस फाइलसिस्टीमवर. दोन्ही १३.४ वरून १४.२ वर आणले आणि जून २०२५ मध्ये १४.३ आल्यावर तिच्यावर नेले. डेस्कटॉपवर बेस (कर्नल आणि सिस्टीमचे मूळ प्रोग्राम) सोर्समधूनही बांधून पाहिला, आणि पोर्ट्सचा (बाकीचे प्रोग्राम सोर्समधून बांधायच्या कृतींचा) एक छोटा संच पुद्रिएर या पॅकेजेस बांधणाऱ्या साधनात नियमित बनतो आहे.

या काळात जे बिघडलं त्यातलं जवळपास काहीच बेसच्या पोटात बिघडलं नाही. बिघडले ते सांधे. बेस, पॅकेजेस, पॅकेजमधून येणारी कर्नल मॉड्यूल्स आणि बूटलोडर या चार गोष्टी फ्रीबीएसडीत चार वाटांनी पुढे जातात, आणि चौघांना एकदम नेणारी आज्ञा नाही. लिनक्सच्या एखाद्या डिस्ट्रोवरून आलेल्याला हे पहिल्यांदा खटकतं. पण कुठला सांधा निसटला हे ओळखता आलं की दुरुस्ती बहुतेक वेळा लहान असते. न ओळखता सापडेल तो उपाय चिकटवला की दिवस जातो.

म्हणून काहीही करण्याआधी 'फ्रीबीएसडी-व्हर्जन' ही आज्ञा के, आर, यू हे तिन्ही पर्याय लावून चालवावी. डिस्कवर बसवलेला कर्नल, सध्या चालू असलेला कर्नल आणि यूजरलँड (बेसमधले कर्नलबाहेरचे प्रोग्राम) अशा तीन ओळी येतात. पहिल्या दोन वेगळ्या असतील तर रीबूट राहिलंय. यूजरलँडचा पॅच क्रमांक कर्नलपेक्षा पुढे दिसला तर घाबरायचं कारण नाही. त्या पॅचने कर्नलला हात लावलेला नसतो, एवढंच. नुसत्या 'यूनेम'वर (ती फक्त चालू कर्नलची आवृत्ती दाखवते) विसंबून सिस्टीम अपडेट झालीच नाही अशी समजूत करून घेणारे खूप.

बायनरी अपग्रेडसाठी 'फ्रीबीएसडी-अपडेट' वापरलं. आधी आहे त्या आवृत्तीचे सगळे पॅच बसवायचे, मग अपग्रेड, मग इन्स्टॉल, रीबूट, पुन्हा इन्स्टॉल. यात जास्तीत जास्त घोळ होतो तो ईटीसी या फोल्डरमधल्या सेटिंग्जच्या फाइल्स जुळवताना. फाइल तुम्ही बदललेली असेल तर ती एडिटरमध्ये उघडते आणि आत खुणा असतात: सात 'लेस दॅन' चिन्हं आणि पुढे 'करंट व्हर्जन', मध्ये सात 'बरोबर' चिन्हांची ओळ, शेवटी सात 'ग्रेटर दॅन' आणि नव्या आवृत्तीचं नाव. दोन्ही बाजूंतलं हवं ते ठेवून या तिन्ही ओळी पुसायच्या असतात. घाईत नुसतं सेव्ह करून बाहेर पडलं की खुणा फाइलमध्येच राहतात. एसएसएचडी-कॉन्फिगमध्ये त्या राहिल्या तर रीबूटनंतर एसएसएच सुरूच होत नाही, आणि भाड्याच्या सर्व्हरवर कन्सोल शोधत बसावं लागतं. रीबूटआधी 'एसएसएचडी डॅश टी' चालवलं की चूक लगेच कळते. मास्टर-पासवर्ड फाइलचंही तसंच. तिथे खुणा पुसल्यावर 'पीडब्ल्यूडी-एमकेडीबी' चालवून पासवर्डचा डेटाबेस नव्याने बांधावा. डीफॉल्ट एडिटर व्हीआय आहे. हात बसलेला नसेल तर आधीच एडिटर व्हेरिएबल बदलून घ्यावं. आणि दूरच्या यंत्रावर हे सगळं टीमक्समध्येच करावं, म्हणजे मध्येच नेट गेलं तरी काम चालू राहतं.

वीज गेली तर? डाउनलोड चालू असताना गेली तर काही बिघडत नाही; उतरलेले पॅच व्हारमधल्या कामाच्या फोल्डरमध्ये राहतात. इन्स्टॉल चालू असताना गेली तर यूएफएसवर आधी एफएससीके (फाइलसिस्टीमची तपासणी), मग पुन्हा इन्स्टॉल. त्या कामाच्या फोल्डरची घाण साफ करायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने अडकलेलं अपग्रेड सुटतंही, पण त्याच फोल्डरमध्ये रोलबॅकचा मालही असतो. दुसरा काही मार्ग उरला नाही तरच तो पुसावा.

मेजर अपग्रेडमध्ये इन्स्टॉल तिसऱ्यांदाही चालवायचं असतं, आणि कधी चालवायचं हे महत्त्वाचं. १३ मध्ये ओपनएसएसएल १.१.१ होतं, १४ मध्ये ३.० आहे. तिसरं इन्स्टॉल जुन्या लायब्ररी काढून टाकतं. त्याआधी पॅकेजेस नव्याने बसवली नसतील तर प्रोग्रामागून प्रोग्राम 'शेअर्ड ऑब्जेक्ट लिबएसएसएल.एसओ.१११ नॉट फाउंड' म्हणून पडतो. जुन्या फाइलची सिमलिंक नव्या फाइलकडे वळवणं हा उपाय अजिबात करू नये. दोन्हींचा एबीआय (प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यातली बायनरी जुळणी) वेगळा आहे, प्रोग्राम सुरू होऊन मधेच कोसळेल. योग्य क्रम असा: 'पीकेजी-स्टॅटिक' वापरून आधी पीकेजीच सक्तीने बसवायचं, कारण स्टॅटिक प्रत कुठल्याही लायब्ररीवर अवलंबून नसते. मग सक्तीचा पर्याय लावून सगळी पॅकेजेस अपग्रेड करायची, आणि मगच तिसरं इन्स्टॉल. काही मागे राहिलंय का हे 'पीकेजी क्वेरी'ला प्रत्येक पॅकेजचं नाव आणि एबीआय छापायला सांगून कळतं. ज्या ओळीत अजून १३ दिसतो ते पॅकेज जुनं. पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट्स किंवा कार्गोने हाताने बांधलेली बायनरी या यादीत येतच नाहीत. ती लक्षात ठेवून वेगळी बांधावी लागतात.

पॅकेजेसबद्दल तक्रार एकच आहे, पण मोठी आहे. 'पीकेजी अपग्रेड' होय-नाही विचारण्याआधी लांबलचक यादी दाखवतं, आणि 'इन्स्टॉल्ड पॅकेजेस टू बी रिमूव्ह्ड' हा मथळा त्यात वरच्या बाजूला येतो, म्हणजे स्क्रीनवरून सरकून जातो. पोस्टग्रेस या डेटाबेसची डीफॉल्ट आवृत्ती पोर्ट्समध्ये बदलली की बाकीचे प्रोग्राम नवा क्लायंट मागतात आणि पीकेजी जुना सर्व्हरच काढायला निघतं. डेटा जात नाही, पण सेवा बंद पडते. आधी एन पर्याय लावून कोरडी फेरी मारावी आणि त्यात फक्त 'रिमूव्ह्ड' हा भाग वाचावा. 'पीकेजी अपडेटिंग'ला शेवटच्या अपग्रेडची तारीख दिली की तेव्हापासूनच्या, तुमच्याकडच्या पॅकेजेसपुरत्या सूचना मिळतात. पाच मिनिटांचं वाचन आहे.

दुसरा नेहमीचा अडथळा म्हणजे 'न्यूअर फ्रीबीएसडी व्हर्जन फॉर पॅकेज' हा संदेश. त्यात पॅकेजचा आकडा १४०३०००, तुमच्या यूजरलँडचा १४०२००० असं काहीतरी असतं आणि दुर्लक्ष करून पुढे जायचं का असा प्रश्न असतो. याचा अर्थ तुमच्या मायनर आवृत्तीची मुदत संपली. १४.२ ची मुदत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली आणि त्यापुढची पॅकेजेस १४.३ वर बनू लागली. 'वाय' दाबलं तर बहुतेक चालतंही, पण एखाद्या प्रोग्रामला जुन्या बेसमध्ये नसलेलं फंक्शन लागलं की तो उठत नाही. नाही म्हणून आधी बेस पुढे न्यावा.

याच नियमाची दुसरी बाजू कर्नल मॉड्यूल्सना बाधते. एका मेजर आवृत्तीची सगळी पॅकेजेस तिच्या सर्वांत जुन्या चालू मायनरवर बनतात. साध्या प्रोग्रामांना ते चालतं. ग्राफिक्सचं डीआरएम-केमॉड किंवा व्हर्च्युअलबॉक्सचं मॉड्यूल कर्नलच्या आतल्या रचनांना धरून असतं, त्याला चालत नाही. म्हणून नवी मायनर आली की पहिले तीन महिने डेस्कटॉपवाल्यांना काळी स्क्रीन किंवा पॅनिक (कर्नल कोसळणं) भेटायचं. १४.२ पासून मॉड्यूल्ससाठी प्रत्येक मायनरचा वेगळा केमॉड्स साठा आला आणि १४.३ वर जाताना हा त्रास झाला नाही. गेल्या काही आवृत्त्यांतली ही सर्वांत उपयोगी सुधारणा आहे, असं माझं ठाम मत आहे. मात्र मुख्य साठा तिमाही शाखेवरून लेटेस्ट शाखेवर नेला असेल तर केमॉड्सचाही तसाच बदलावा, नाहीतर एक पुढे, एक मागे राहतो. मॉड्यूल लोड होताना 'डिपेंड्स ऑन कर्नल, नॉट अव्हेलेबल ऑर व्हर्जन मिसमॅच' आलं तर हाच सांधा निसटलाय असं समजावं. ग्राफिक्स मॉड्यूल लोडर-कॉन्फमध्ये न घालता आरसी-कॉन्फच्या केएलडी-लिस्टमध्ये ठेवावं. मग सिंगल यूजरमध्ये बूट होऊन ती एक ओळ बंद करता येते.

आता सोर्स बिल्ड. चार कोरवर बिल्डवर्ल्डला (सगळं यूजरलँड बांधायला) दोन-अडीच तास लागतात आणि त्यातला मोठा वाटा एलएलव्हीएम आणि क्लँग या कंपायलरचा. बिल्ड मरतो तो बहुधा त्यांच्याच लिंकिंगला. कन्सोलवर 'वॉज किल्ड: फेल्ड टू रिक्लेम मेमरी' दिसलं तर कंपायलरला दोष देऊ नये. जे चा आकडा (एका वेळी चालणारी कामं) कमी करावा, स्वॅप वाढवावा, आणि स्वॅप संथ डिस्कवर असेल तर 'व्हीएम.पेजआउट-ओओएम-सेक' हे १२ वरून १२० करावं. कर्नल मारण्याआधी जास्त वेळ वाट पाहतो. २ जीबीच्या यंत्रावर बिल्ड करण्याच्या भानगडीत पडू नये. मोठ्या यंत्रावर बांधून एसआरसी (सोर्स) आणि ओबीजे (बांधलेल्या फाइल्स) ही दोन्ही फोल्डर एनएफएसवरून त्याच पाथवर माउंट करावीत आणि छोट्यावर फक्त इन्स्टॉल करावं.

बिल्ड मोडला की शेवटची ओळ वाचून काही कळत नाही. तिथे नुसतं 'एरर कोड १' आणि 'स्टॉप्ड' असतं. समांतर बिल्डमध्ये खरी चूक शेकडो ओळी वर असते, कारण बाकीची कामं पूर्ण होईपर्यंत छापत राहतात. सगळं आउटपुट फाइलमध्ये घ्यावं आणि 'एरर' शब्द पुढे कोलन-चिन्हासह वरून खाली शोधावा; पहिला सापडेल तो खरा. नाहीच मिळाला तर एका जॉबवर पुन्हा चालवावं. कंपायलर सिग्नल ११ ने पडला तर एक सोपी परीक्षा आहे. दर वेळी त्याच फाइलवर पडत असेल तर दोष कोडचा किंवा कंपायलरचा. दर वेळी वेगळ्या फाइलवर पडत असेल तर मेमरी तपासा, पंखा साफ करा. सिग्नल ९ म्हणजे बहुधा मेमरी संपली.

विचित्र लिंकिंगच्या चुका आल्या की आधी मेक-कॉन्फ आणि एसआरसी-कॉन्फ या बिल्डच्या सेटिंग्जच्या फाइल्स बाजूला सरकवाव्यात, ओबीजे रिकामं करावं आणि मग बघावं. वर्षांपूर्वी टाकलेला सीपीयूटाइप (विशिष्ट प्रोसेसरसाठीची सेटिंग) तिथे निवांत पडलेला असतो. दुसऱ्या बिल्डचा वेळ वाचवायला मेटा-मोड (बदललेलं तेवढंच पुन्हा बांधणारी सोय) उत्तम आहे, पण तो एसआरसी-कॉन्फमध्ये लिहिला तर काहीच होत नाही. तो 'एसआरसी-ईएनव्ही.कॉन्फ'मध्ये लिहावा लागतो आणि फाइलमॉन मॉड्यूल लोड असावं लागतं. एवढं केलं की छोट्या बदलानंतरचा बिल्ड तासांवरून मिनिटांवर येतो.

इन्स्टॉलचा क्रम मोडू नये: आधी कर्नल, रीबूट, मग 'ईटीसीअपडेट डॅश पी' (ईटीसीमधल्या फाइल्स जुळवणारी आज्ञा), वर्ल्ड, पुन्हा 'ईटीसीअपडेट डॅश बी', रीबूट. जुन्या कर्नलवर नवं वर्ल्ड बसवलं तर साध्या आज्ञासुद्धा 'बॅड सिस्टीम कॉल' म्हणत मरू शकतात, कारण त्या मागतात ती सिस्टीम कॉल जुन्या कर्नलमध्ये नसते. जुन्या लायब्ररी पुसणारं 'डिलीट-ओल्ड-लिब्स' मात्र पॅकेजेस नवी झाल्यावरच.

पुद्रिएरबद्दल थोडक्यात. जेलची (ज्या वेगळ्या कप्प्यात पॅकेजेस बनतात त्याची) आवृत्ती होस्टच्या पुढे नेऊ नये, होस्ट आधी. टीएमपीएफएस (मेमरीतली फाइलसिस्टीम) पूर्ण चालू ठेवलं तर १६ जीबी रस्ट आणि एलएलव्हीएमला पुरत नाही. ती दोन नावं टीएमपीएफएसच्या ब्लॅकलिस्टमध्ये टाकली की बाकीचे पोर्ट्स मेमरीत झटपट बनतात. पुद्रिएरच्या 'बल्क' आज्ञेला डॅश बी देऊन शाखा सांगितली तर ज्या पोर्टची आवृत्ती, ऑप्शन्स आणि डिपेंडन्सी अधिकृत पॅकेजशी तंतोतंत जुळतात तो बांधण्याऐवजी उतरवला जातो. रस्टसाठी एवढ्यानेच रात्र वाचते. हाताने बांधलेले मेन शाखेतले पोर्ट्स तिमाही पॅकेजेसमध्ये मिसळणं हे मात्र टाळाच. पुढच्या अपग्रेडला पीकेजी त्यांच्या जागी साठ्यातलं पॅकेज बसवू शकतं, ऑप्शन्स जातात, आणि कशामुळे बिघडलं याचा माग लागत नाही.

झेडएफएसवर बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टीमची मागे जाता येईल अशी प्रत) ही मोठी सोय. 'फ्रीबीएसडी-अपडेट' ती स्वतःच बनवतं, आणि 'बीईसीटीएल ॲक्टिव्हेट डॅश टी' दिलं तर ती फक्त पुढच्या एका बूटपुरती लागू होते. दूरच्या यंत्रावर हेच वापरावं. पण डीफॉल्ट रचनेत व्हार-डीबी हे रूटच्याच डेटासेटमध्ये (झेडएफएसमधल्या स्वतंत्र भागात) असतं. पीकेजीचा डेटाबेस तिथे आहे ते बरोबरच, कारण तो बेससोबत मागे जायला हवा. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलचा डेटाही तिथेच असतो, आणि मागच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बूट केलं की तोही मागे जातो. त्यासाठी स्वतंत्र डेटासेट पहिल्याच दिवशी करावा. जुन्या एन्व्हायर्नमेंट्स साचून डिस्क भरते. काढताना ओ पर्याय द्यावा, म्हणजे मूळ स्नॅपशॉटही जातो.

शेवटचा सांधा बूटलोडरचा. 'फ्रीबीएसडी-अपडेट' ईएफआय विभाजनाला (डिस्कवरच्या बूटलोडरच्या भागाला) हात लावत नाही. महिनोन्महिने काही होत नाही. मग कोणीतरी झेडएफएसच्या पूलची नवी फीचर्स चालू करणारं 'झेडपूल अपग्रेड' चालवतं आणि जुना लोडर 'अनसपोर्टेड फीचर' म्हणत थांबतो. आधी बूटमधली नवी 'लोडर.ईएफआय' ईएफआय विभाजनात फ्रीबीएसडी आणि बूट या दोन्ही फोल्डरमध्ये कॉपी करावी. बायोसवर 'जीपार्ट बूटकोड', आणि विभाजनाचा क्रमांक 'जीपार्ट शो'मध्ये पाहूनच. 'झेडपूल स्टेटस' काही फीचर्स चालू नाहीत असं दर वेळी सांगत राहतं, पण तो दोष नाही. डेस्कटॉपचा पूल १३ च्याच फीचर्सवर ठेवला आहे, आणि १३.४ ची एन्व्हायर्नमेंट त्यावर अजूनही बूट होते.