आमच्या फाट्यावरचं कृषी केंद्र: ३ स्टार, पण जाणार तिथंच

दुकानाचं नाव टाकत नाही. अमळनेर तालुक्यात फाट्याफाट्यावर अशी दुकानं आहेत, वाचणाऱ्याला आपल्याच गावचं वाटेल, तर तसंच समजा.

आधी चांगलं सांगतो. सकाळी सातला शटर वर. बाहेर बाकडं, माठ, सिझनला दोनदा चहा फुकट. कपाशीचं पान खिशात घालून नेलं की दुकानवाला भाऊ चष्मा वर करून बघतो आणि सांगतो मावा आहे का तुडतुडे का थ्रिप्स, आणि दहात आठ वेळा बरोबर निघतं, आमच्याकडे कृषी सहायक महिन्यातून एकदा दिसला तर दिसला. मुख्य म्हणजे उधारी. कापूस घरात आला की द्या, म्हणतो. बँक सात-बारा, आठ-अ, नो ड्यूज, फोटो सगळं मागते, हा फक्त वही उघडतो.

आता वाईट. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेलं असतं, हा सिझनला ३०० घेतो आणि वरून दोन गोण्यांमागं एक टॉनिकची बाटली गळ्यात मारतो, लिंकिंग म्हणतात त्याला. नको म्हटलं की "वरूनच येतं भो असं, मी काय करू". आमच्या माळ्यावर अशा सात बाटल्या पडल्यात, उघडलेली एकही नाही. खतविक्रीच्या पॉस मशीनवर अंगठा आपला घेतो पण बिल मागितलं की प्रिंटरचा रोल संपलेला असतो. २०२४ ला बीटी बियाण्याच्या पाकिटाला सरकारी भाव ८६४ होता, ज्या वाणाला मागणी त्याचे याने आमच्याकडून ११०० घेतले. वरून उगवण निम्मी. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करायचा तर पक्कं बिल लागतं, लॉट नंबर लागतो, आणि माझ्याकडे काय, सिगारेटच्या पाकिटामागं पेनानं लिहिलेली चिठ्ठी. दुबार पेरणी केली. बियाणं कुठून आणलं? तिथूनच, उधार.

इथपर्यंत नेहमीचं रडगाणं झालं, खरी गंमत पुढे आहे. गावात विकास सोसायटीचं खताचं दुकान होतं, छापील भावात गोणी मिळायची, लिंकिंग नाही. सोसायटीच्या मागच्या इलेक्शनला या भाऊनं पॅनल टाकलं आणि आम्ही सगळ्या सभासदांनी त्याला निवडून दिलं, चेअरमन केलं, गुलाल मीच आणला होता. म्हणजे ज्या दुकानामुळे याचा भाव दाबला जायचा त्याच्या किल्ल्या आपण होऊन याच्या हातात दिल्या. सहा महिन्यात सोसायटीचा खतविक्रीचा परवाना रिन्यू करायचा राहून गेला. राहून गेला म्हणजे बघा. गोडाऊनमध्ये आता घुशी राहतात.

पुण्याला कंपनीत असलेला भाचा दिवाळीला आला होता, मला म्हणे मामा तुम्ही लोक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेता. त्यानं अमेरिकेचं सांगितलं. तिकडे आयोवा नावाचं राज्य आहे, मका-सोयाबीनवालं. ट्रम्पनं चीनच्या मालावर टॅक्स लावला म्हणून २०१८ ला चीननं त्यांच्या सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क बसवलं, भाव पडले, आणि तरी २०२० ला आयोवात ट्रम्पच जिंकला. मी विचारलं, मधल्या काळात सरकारनं शेतकऱ्यांना पैसे वाटले का? म्हणे हो, २०१८ आणि २०१९ मिळून २८०० कोटी डॉलरची मदत जाहीर केली होती. मग! बिल घेऊन भांडायला जायचं कोणाकडे, आणि खात्यावर पैसे आले ते तर दिसतात ना.

भाच्याला पटलं नाही, शिकलेला आहे तो. तेव्हा आमची मंडळी चुलीवरचं वांग्याचं भरीत वाढता वाढता बोलली, आणि तिचं मला आजपर्यंत खोडून काढता आलं नाही. २०२४ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७५२१ होता, मी २० क्विंटल खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला, ६९०० नं दिला, कारण सरकारी खरेदी सेंटरला नंबर लागेपर्यंत थांबायला पैसा नव्हता आणि खेडा खरेदी करणारा ह्याच भाऊचा भाऊ आहे, उधारी तिथल्या तिथं कापून घेतो. हिशोब केला तर १२ हजार ४२० रुपयांचा फटका. भाचा म्हणे बघा, एवढं होऊनही तुम्ही मतदानाला कापसाचं नावच काढत नाही. ही म्हणाली, "ते बारा हजार आले असते तर मला दिसले असते का? यांच्या खात्यात आले असते, तिथून वहीत गेले असते. लाडक्या बहिणीचे दीड हजार माझ्या नावानं येतात, बँकेत मी स्वतः जाते." दीड हजारानं वर्षाचे १८ हजार होतात. आता सांगा नुकसान कोणाचं आणि फायदा कोणाचा, घर एक पण खिसे दोन. तिनं कोणाला मत दिलं मी विचारलं नाही, आणि माझं तुम्ही विचारू नका.

असं नाही की आम्हाला कळत नाही. आमच्याकडचं तापीवरचं पाडळसरे धरण मंजूर झालं तेव्हा मी शाळेत होतो, आता पोरगा बारावीला आहे, दर इलेक्शनला स्टेजवर धरण असतं आणि तापीत पाणी तसंच वाहून जातं. याच्यात पाडलं किती नेत्यांना आलटून पालटून, एकालाच धरून बसलो असं नाही. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क २०२५ च्या ऑगस्टमध्ये उठवलं, आपला माल घरात यायच्या टायमाला, डिसेंबरपर्यंत. हे दिल्लीत ठरतं. सोसायटीच्या, ग्रामपंचायतीच्या मतपत्रिकेवर ते ठरवणारा नसतोच, तिथं असतो रात्री फोन उचलणारा.

फोनचं सांगायचं राहिलं. माझ्या आईला रात्री दीडला धुळ्याला हलवलं तेव्हा गाडी याची होती आणि वीस हजार याचे होते, वहीत आजपर्यंत लिहिलेले नाहीत. समोरच्या पॅनलचा उमेदवार चांगला होता, सोसायटीचं दुकान वाढवतो म्हणत होता, ऑडिटचे कागद घेऊन घरोघर फिरला बिचारा. पण तो राहतो जळगावला. मयतीला दहाव्याच्या दिवशी येतो. आमचे नाना तेव्हा बाकड्यावर बसून म्हटले, "चोर शे पन आपला शे ना भो," आणि सगळे हसले, मीपण हसलो. त्यात वही त्याच्याकडे. विरोधात दिसलो आणि जूनमध्ये त्यानं "यंदा रोख चालू आहे" म्हटलं तर पेरणी कशानं करायची? मतदान गुप्त असतं म्हणतात, साडेचारशे सभासदांच्या गावात किती गुप्त असणार.

कोणाला जायचंच असेल तर सकाळी आठच्या आत जा, गर्दीत तो भाव सांगत नाही. बियाण्याचं रिकामं पाकीट फेकू नका, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. बाटली देतच असेल तर निदान एक्स्पायरी बघा, माझ्याकडच्या सातातल्या तीन संपलेल्या आहेत. चहा चांगला असतो, आलं घालतो.

सोसायटीची पुढची निवडणूक लागली की भाऊ परत उभा राहणार. परवा उधारीचं बोलायला गेलो तर फॉर्म कोरा आताच आणून ठेवलेला, म्हणे सूचक तूच हो यावेळी. पेन त्याचाच होता. दोन गोण्या युरिया मिळाला, बाटलीशिवाय.